अवतरणचिन्हांआधीचे म्हाइंभट

मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात, इसवी सन १२७८च्या सुमारास, म्हाइंभट लिहायला बसले तेव्हा मराठीत गद्य ग्रंथ लिहिण्याची रीतच पडलेली नव्हती. समोर ठेवून बघावे असा नमुना नाही. स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही, आणि ज्यांच्यावाचून आज एकही बातमी छापली जात नाही ती अवतरणचिन्हेही नाहीत. लिहायचे होते ते मात्र बोलणेच. गुरूचे बोलणे, शिष्यांचे, वाटेत भेटलेल्या माणसांचे, आणि गुरूने सांगितलेल्या गोष्टीतल्या पात्रांचेही. शेकडो प्रसंग, आणि जवळजवळ प्रत्येकात कोणीतरी काहीतरी बोलते आहे.

कोणाचे बोलणे कुठे सुरू झाले आणि कुठे संपले, हे चिन्हांशिवाय कसे राखायचे? अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलामुलींना आज नेमका हाच प्रश्न छळतो. फरक इतकाच की त्यांच्याकडे चिन्हे आहेत, आणि घोळ होतो तो त्या चिन्हांमुळेच.

म्हाइंभट मूळचे सराळ्याचे. शास्त्रांचा अभ्यास दांडगा आणि त्याचा अभिमानही तेवढाच, असे त्यांचे आधीचे रूप परंपरेने जपले आहे. परंपरा त्यांना मीमांसेचे जाणकार म्हणून ओळखते, आणि त्यांचे पुढचे काम समजून घ्यायला ही एक गोष्ट पुष्कळ उपयोगी पडते. वेदातले कोणते वाक्य आज्ञा आहे आणि कोणते नुसते वर्णन किंवा स्तुती, हे ठरवणारे ते शास्त्र. आज्ञेला ते विधी म्हणते, वर्णनाला आणि स्तुतीला अर्थवाद. विधी पाळायचा असतो, अर्थवाद समजून घ्यायचा असतो. दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी येतात, कधी तर दिसायलाही सारखीच असतात. त्यांची गल्लत झाली तर माणूस भलतेच काही करून बसेल. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर एक कमांड आणि दुसरा डेटा.

वादात जिंकण्याच्या ईर्ष्येने ते चक्रधरस्वामींकडे गेले आणि तिथे त्यांचा अभिमान गळाला. चक्रधर मूळचे गुजरातेतल्या भडोचचे, एका प्रधानाच्या घरचे. रामटेकच्या यात्रेला म्हणून निघाले, रिद्धपुरात त्यांना गोविंदप्रभू भेटले, आणि तिथून त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. मेहकर, लोणार असा वऱ्हाडाचा मुलूख आणि गोदावरीचा काठ त्यांनी पायी पालथा घातला. आपले सांगणे त्यांनी मराठीत सांगितले आणि स्वतः काहीही लिहून ठेवले नाही. १२७४च्या सुमारास ते शिष्यांना सोडून उत्तरेकडे निघून गेले.

मागे राहिलेली मंडळी रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या सेवेला आली. त्यांचे प्रमुख नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास. त्यांची स्मरणशक्ती विलक्षण होती. चक्रधरांबरोबर घालवलेला एकेक प्रसंग ते मनातल्या मनात घोळवत बसत. म्हाइंभटांच्या हे ध्यानात आले, आणि त्याबरोबर दुसरी गोष्टही ध्यानात आली: हा माणूस गेला की हे सारे त्याच्याबरोबर जाईल. त्यांनी भटोबासांना एकेक लीळा सांगायची विनंती केली. रिद्धपुरातल्या वाजेश्वरीच्या जागी हे काम झाले आणि त्याला सहा महिने लागले, असे परंपरा सांगते. भटोबासांनी सांगितले तेवढ्यावर म्हाइंभट थांबले नाहीत. त्या त्या प्रसंगी हजर असलेल्या बाकीच्यांना त्यांनी गाठले, विचारले, ताडून पाहिले. एकाच साक्षीदारावर विसंबायचे नाही, हा आजच्या संशोधनाचा नियम ते पाळत होते.

एवढ्या काटेकोरपणाची गरज का पडली? या मंडळींच्या लेखी चक्रधरांचे वाक्य ही केवळ आठवण नव्हती. तो आचाराचा नियम होता. भिक्षा कशी मागावी, कुठे राहावे, काय टाळावे हे सगळे त्यांच्या वाक्यांवरून ठरायचे. म्हणजे एका प्रसंगात एखाद्या शिष्याने काही विचारले आणि स्वामींनी काही उत्तर दिले, तर उत्तर पाळायचे होते, प्रश्न नव्हे. दोघांमधली सीमा पुसली गेली तर शिष्याची शंकाच आज्ञा होऊन बसली असती.

दवाखान्याच्या केसपेपरवर हीच अडचण वेगळ्या वेशात भेटते. रोज दोन गोळ्या, एवढेच शब्द कागदावर असतील तर परिचारिकेने काय समजायचे? रुग्ण घरी दोन गोळ्या घेत होता, ही माहिती. की दोन गोळ्या द्या, हा डॉक्टरांचा आदेश? शब्द तेच, पण चुकीचा अर्थ लावला तर बाधा रुग्णाला. म्हणून डॉक्टर रुग्णाच्या तक्रारीआधी सी/ओ अशी खूण करतात आणि औषधाच्या आदेशाआधी आरएक्सची. या खुणा म्हणजे केसपेपरवरची अवतरणचिन्हेच. त्यांच्यापुढचे वाक्य कोणाचे आहे आणि त्याचे काय करायचे, हे त्या सांगतात.

म्हाइंभटांनी आपली खूण शब्दांतच शोधली. प्रत्येक बोलण्याआधी बोलणाऱ्याचे नाव. चक्रधरांसाठी सर्वज्ञ हे एकच ठरलेले नाव, आणि त्यापुढे म्हणण्याचे क्रियापद, तेही ठरलेले. पान उघडले की डोळ्याला ही जोडी सापडते आणि पुढे येते ते कोणाचे, हे कळते. ती इतक्या वेळा येते की आजच्या वाचकाला कंटाळा येतो. एखाद्या कथालेखकाने विविधता म्हणून उद्गारले, सांगितले, उत्तरले असे बदल केले असते. म्हाइंभटांनी तो मोह बहुतेक वेळा टाळला, आणि ते शहाणपणाचे झाले. खूण जितकी एकसारखी, तितकी ती पक्की.

बोलणे संपले हे सांगायला मराठीची स्वतःची सोयही होती. असे म्हणून, असे म्हटले, म्हणे, या शब्दांचे काम बंद होणाऱ्या अवतरणचिन्हाचे. संस्कृतात तेच काम इति हा शब्द करतो. वऱ्हाडात आजही कोणी ऐकीव गोष्ट सांगताना वाक्याच्या शेवटी म्हने लावतो, तेव्हा तो आपले शब्द आणि दुसऱ्याचे शब्द वेगळे करत असतो, शिवाय जबाबदारीही झटकत असतो. छापखान्यातून आलेली दोन स्वल्पविरामांची जोडी एवढे काही सांगत नाही.

खरी कसोटी लागते ती गोष्टीत गोष्ट आली की. चक्रधरांना दृष्टांत देऊन समजावण्याची हातोटी होती. हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टांत सगळ्यांना ठाऊक आहे. पाय चाचपणाऱ्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कान चाचपणाऱ्याला सुपासारखा. आता हे वाक्य पोथीत कसे आले ते पाहा. हत्ती खांबासारखा आहे, असे आंधळा म्हणतो. आंधळा असे म्हणतो, असे चक्रधर सांगतात. चक्रधरांनी असे सांगितले, असे ऐकणारे सांगतात. आणि ते सारे म्हाइंभट लिहितात. एकात एक असे चार पदर. सगळ्यात आतला पदर गळून पडला, तर हत्ती खांबासारखा असतो हे सर्वज्ञांचे मत ठरेल आणि दृष्टांताचा अर्थच उलटा होईल.

संगणकातही एका भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेतल्या प्रोग्रॅमला काम सांगतो. पायथन किंवा पीएचपीतला प्रोग्रॅम एक ओळ तयार करून शेलकडे देतो, शेल ती वाचून तिसऱ्याच प्रोग्रॅमला हाक मारतो, आणि तो कदाचित एसक्यूएलमध्ये डेटाबेसशी बोलतो. शेल म्हणजे आपण टाइप केलेल्या आज्ञा वाचून त्या अमलात आणणारा प्रोग्रॅम. या साखळीतला प्रत्येक जण आपल्या वाट्याची अवतरणचिन्हे काढून टाकतो आणि आतला मजकूर पुढे देतो. कांद्याचा एकेक पापुद्रा निघावा तसे. जितके हात बदलणार तितके पापुद्रे आधी मोजून चढवायला लागतात.

एक साधे उदाहरण घेऊ. दवाखान्याच्या नोंदणीत रुग्णाची उंची ५ फूट ६ इंच आहे. घाईत लिहिणारा फूट आणि इंच हे शब्द लिहीत नाही. पाचापुढे एक उभी रेघ मारतो आणि सहापुढे दोन. कीबोर्डवर त्या रेघा म्हणजे एकेरी आणि दुहेरी अवतरणचिन्हेच. माणसाला ती उंची दिसते. शेलला मात्र पाचापुढे एक अवतरण उघडलेले दिसते, आणि ते बंद कधी होते याची तो वाट पाहत बसतो. पुढचे सहा, पुढची दुहेरी खूण, रुग्णाचा रक्तगट, पत्ता, सगळे त्याच्या लेखी त्या एकाच अवतरणात. शेवटी ओळ संपते, बंद खूण मिळत नाही, आणि प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो. नावात अशी खूण असणाऱ्यांची तर कायमचीच पंचाईत. रोमन लिपीत डिसोझा आडनाव लिहिताना डीनंतर जी वरची खूण येते, तिने कित्येक फॉर्म अडकतात.

यावर जुना उतारा म्हणजे खुणेआधी उलटी तिरकी रेघ, बॅकस्लॅश, मारायची. पुढचे चिन्ह चिन्ह म्हणून वाचू नकोस, अक्षर म्हणून वाच, असा तिचा अर्थ. पण ती रेघही पहिल्याच वाचणाऱ्याकडे खर्ची पडते. एका पदरासाठी १ रेघ पुरते, दुसऱ्या पदरासाठी ३ लागतात, तिसऱ्यासाठी ७. त्यातही प्रत्येक भाषेचे नियम निराळे. शेलमध्ये एकेरी अवतरणाच्या आत बॅकस्लॅशलाही काही किंमत नसते. तिथे एकेरी खूण घालायची तर आधीचे अवतरण बंद करा, खूण वेगळी लिहा, मग अवतरण पुन्हा उघडा. हे पाठ करून जमत नाही. आता कोण वाचतो आहे, हे दर पायरीला विचारावे लागते.

प्रोग्रॅम थांबला तर ते नशीबच म्हणायचे. त्याने दुसऱ्याचा मजकूर आज्ञा समजून पाळला, तर अनर्थ होतो. नावाच्या रकान्यात कोणी जाणूनबुजून आधी बंद होणारी खूण लिहिली आणि तिच्यामागे नोंदी पुसण्याची आज्ञा, तर बेसावध प्रोग्रॅम ती पाळतो. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. १९९८पासून त्यावर उघडपणे लिहिले जात आहे आणि तरी ते संपलेले नाही. २०१४च्या सप्टेंबरात शेलशॉक नावाने गाजलेला दोष त्याच घरातला होता. बॅश या शेलला बाहेरून एक व्याख्या दिली की ती जिथे संपते तिथे त्याने थांबायला हवे होते. तो थांबत नव्हता, पुढचा मजकूर आज्ञा म्हणून चालवत होता. हा दोष १९८९पासून त्यात पडून होता. पंचवीस वर्षे जगभरचे सर्व्हर त्यावर चालले. आता माणसासारखे लिहिणाऱ्या एआय प्रणालींनाही ही बाधा आहे. त्यांना वाचायला दिलेल्या कागदात कोणी सूचना लपवली, तर त्या ती मालकाची आज्ञा समजून पाळू शकतात. तिथे तर उघडणारी आणि बंद होणारी पक्की खूण अजून कोणालाच सापडलेली नाही.

मग खात्रीचा उपाय कोणता? शक्य असेल तिथे सगळे एका ओळीत गुंफूच नये. आज्ञा वेगळी द्यावी आणि तिला लागणारा मजकूर वेगवेगळ्या तुकड्यांची यादी म्हणून द्यावा. पायथनमध्ये तशी यादी दिली तर शेल मध्ये येतच नाही. डेटाबेसलाही प्रश्नाचा साचा आधी आणि माहिती स्वतंत्र देता येते. मग पाच फुटांपुढची खूण खूण न राहता नुसते अक्षर होते, कारण कोणाचे काय हे जागेवरूनच ठरलेले असते. म्हाइंभटांची रीत याच्या जवळची. आधी नाव, मग बोल. तुलना फार ताणू नये, पण दोघांनीही एक गोष्ट ओळखली होती: मालकी मजकुराच्या आतून शोधायची नसते, बाहेरून लावायची असते.

लीळाचरित्राचे पुढे काय झाले तेही याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. भटोबासांचे दुसरे विद्वान शिष्य केसोबास यांनी लीळांमधून चक्रधरांची वाक्ये तेवढी वेचून काढली आणि सूत्रपाठ तयार केला. निव्वळ आज्ञा आणि सिद्धांत, प्रसंग वगळून. दृष्टांतही त्यांनी निराळे काढले, आणि प्रत्येकामागे मूळ सूत्र कोणते व दृष्टांताचा रोख कशावर, हे लावून दिले. पाठांतराला हे सोयीचे झाले. पण वाक्य प्रसंगातून सुटे केले की अर्थ निसटू लागतो. एकाला त्याच्या स्वभावाकडे पाहून सांगितलेले सगळ्यांसाठी आहे की नाही, हे नुसत्या सूत्रावरून कळत नाही. मग पुढच्या मंडळींना प्रकरणवश रचावा लागला. कोणते सूत्र कुठे, कोणाला, कशावरून सांगितले, याची ती नोंद. काढून टाकलेला संदर्भ परत जोडायला दुसरा ग्रंथ लिहावा लागला. म्हाइंभटांनी नावे आणि प्रसंग जपले नसते तर तो लिहिता आला नसता.

केसोबासांना संस्कृतात लिहिण्याची ओढ होती. तसे केले तर आपल्यातल्या साध्या बायाबापड्या वंचित होतील, म्हणून भटोबासांनी त्यांना आवरले, ही आठवण प्रसिद्ध आहे. भाषा बदलली की शब्दांबरोबर सीमाही हलतात, हे त्या सांगण्यातून वेगळे निघते.

गोविंदप्रभूंच्या निधनानंतर, १२८८च्या सुमारास, म्हाइंभटांनी त्यांचेही चरित्र लिहिले. गोविंदप्रभू जवळच्याच काटसूरचे. त्यांचे वागणे वेड्यासारखे, बोलणे तुटक, मनाला येईल ते, रागावल्यावर तर तोंडात शिव्यांसारखे शब्द. एखाद्या पंडित चरित्रकाराने ते सोवळे करून लिहिले असते. म्हाइंभटांनी तसेच ठेवले, वऱ्हाडी वळणासकट. प्रोग्रॅमिंगमध्ये मजकुराला कच्चा ठेवायची सोय असते, त्यातल्या कोणत्याही खुणेचा अर्थ लावू नये असे आधीच सांगून ठेवतात. तेराव्या शतकातले रिद्धपूर कसे बोलत होते, हे आज कळते ते त्या कच्च्या ठेवलेल्या मजकुरामुळे.

म्हाइंभटांच्या हातची प्रत टिकली नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती गेली. मग ज्यांना जेवढे पाठ होते त्यांनी तेवढे पुन्हा उभे केले. दामोदर पंडितांच्या पत्नी हिराइसा यांची स्मरणशक्ती त्यात मोलाची ठरली, त्यांच्या नावाने एक पाठच ओळखला जातो. पीढीपाठ निराळा. आठवणी जुळेनात तिथे एकच खरी ठरवून बाकीच्या पुसण्याचा सोपा मार्ग त्यांनी धरला नाही. वेगळी आठवण असेल तर तिला वासना म्हटले, चौकशी करून मिळालेल्याला शोधु, आणि या खुणांसकट ती नोंद पोथीत ठेवली. कोणाचे म्हणणे काय, हे दाखवायचा म्हाइंभटांचा शिरस्ता आता प्रसंगांवरून प्रतींवर आला.

त्यावर आणखी एक पदर चढला तो लिपीचा. रवळोबासांनी तयार केलेल्या सकळ लिपीत एका अक्षराऐवजी दुसरे लिहायचे, आणि किल्ली ठाऊक असेल त्यालाच ते वाचता यायचे. पंथाच्या पोथ्या शतकानुशतके या लिपीत राहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किल्ली बाहेरच्या अभ्यासकांच्या हाती लागली, तेव्हा मराठीचा आद्य गद्य ग्रंथ तिच्या इतिहासकारांना पहिल्यांदा दिसला.

तोपर्यंत मराठीत विरामचिन्हे रुळली होती. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी ती इंग्रजीवरून मराठी छपाईत आणली आणि शाळेच्या पुस्तकांनी ती घरोघर पोचवली. हरि नारायण नेने यांनी १९३६पासून नागपुरात लीळाचरित्र छापायला घेतले. पुढे शं. गो. तुळपुळ्यांनी आवृत्ती काढली, आणि १९७८मध्ये वि. भि. कोलत्यांची आवृत्ती आली. कोलते बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे, अमरावतीच्या महाविद्यालयात शिकवलेले. या संपादकांपुढे ओळीला ओळ लागून चाललेल्या पोथ्या होत्या. त्यांत शब्दही सुटे केलेले नसत, मध्ये दंड येई तेवढाच. छापील पानावर आज जिथे जिथे विरामचिन्हे दिसतात, तिथे तिथे म्हाइंभटांनी ठेवलेली नावे आणि क्रियापदे शोधून, बोलणे इथे संपले असे कोणातरी संपादकाने ठरवले आहे.